भोंगा कुठवर ऐकू यायचा

मामा, तुझ्या प्रश्नाला अजून उत्तरं येतायत.

तुझा फोन माझ्याकडे आहे. आईने तो कपाटात ठेवायला दिला होता, मी टेबलावरच ठेवलाय, चार्जिंगला. मधूनच थरथरतो. कुणी भोपाळहून लिहितं, कुणी दतियाहून, कुणी इथूनच, ग्वाल्हेरातून, चार गल्ल्या सोडून : "जी हाँ, हमारे यहाँ भी आता था।" तू असतास तर आधी चष्मा शोधला असतास आणि मग प्रत्येकाला लिहिलं असतंस, "धन्यवाद जी! घर किधर था आपका?" आता त्या उत्तरांखाली काही येत नाही. परवा एकाने चिडून लिहिलं, "सवाल पूछकर ग़ायब हो जाते हैं लोग।" मी ते वाचलं आणि फोन पालथा घातला. इतकी खोटी गोष्ट तुझ्याबद्दल आजवर कुणी बोललं नसेल.

तुझा प्रश्न एकच होता. हजीऱ्याच्या मिलचा भोंगा कुठवर ऐकू यायचा? मिल बंद पडून किती वर्षं झाली. लोकांना वाटायचं, कानाची मशीनं विकणारा हा माणूस हौस म्हणून विचारतोय. हौस नव्हती, हे फक्त आपल्या घरात माहीत होतं.

तुझी आई तू लहान असतानाच गेली. तिची तुझ्याकडे एकच आठवण होती, जी फोटोतून आलेली नव्हती. थंडीतली सकाळ, हरिशंकरपुरमचं आपलं घर, तेव्हा आजूबाजूला नुसते मोकळे प्लॉट. ती तुझी रजाई खांद्यापासून जराशी बाजूला करायची आणि म्हणायची, "भोंगा झाला रे, ऊठ." बस. चेहरा नाही, साडीचा रंग नाही. एक हात आणि तेवढं वाक्य.

आणि माझी आई, तुझी धाकटी बहीण, म्हणायची की हे शक्यच नाही.

"दादा, हजीरा कुठे, आपण कुठे! मध्ये अख्खा किल्ला आहे. आवाज काय किल्ला चढून येणार होता?"

"थंडीत आवाज लांब जातो, नीलू."

"मग मला कसा नाही आठवत?"

"तू लहान होतीस."

"हो, तू तर फारच मोठा लागून गेला होतास. स्टेशनवरच्या इंजिनाची शिटी असेल ती."

"इंजिनाची शिटी आणि मिलचा भोंगा मला ओळखता येणार नाही? मी काय बटाटे विकतो?"

दर थंडीत तिळाच्या गजकचा डबा उघडला की हे सुरू व्हायचं. तू हसत भांडायचास. पण आई "शिटी असेल" म्हणाली की गजकचा तुकडा तुझ्या हातात तसाच राहायचा, हे मी पाहिलं होतं. भोंगा ऐकू येतच नसेल तर ते वाक्यही कुणी बोललेलं नाही. आणि ते वाक्य नसेल तर तुझ्याकडे आईचं काही उरत नाही. तू हे कधी बोलला नाहीस. फक्त एका दुपारी स्टेशनजवळ, पडावच्या तुझ्या दुकानात, हेडफोन पुसता पुसता म्हणालास, "केतू, तुझं ते शोधायचं काम आहे ना. त्यात माझं एक काम करशील?"

माझं काम तुला मी कधी नीट समजावून सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. लोक एखादा फोटो, एखादा दावा पुढे ढकलत राहतात. तो पहिल्यांदा कुठे दिसला, कुणी लिहिला, लिहिणारा तिथे होता का, हे मी शोधते. त्यासाठी दिवसभर एका साइटवर लोकांच्या दोन-दोन ओळींच्या पोस्ट वाचते. अनोळखी लोकांच्या तक्रारी, वाढदिवस, भांडणं. स्वतः काही लिहीत नाही. माझ्या खात्यावर फोटोच्या जागी राखाडी गोल आहे आणि त्याखाली एकही शब्द नाही. तू ते पाहिलंस आणि म्हणालास, "हे काय, दाराला कुलूप आणि खिडकीतून सगळ्या गल्लीवर नजर! वाह रे गुप्तहेर बाई."

तेव्हापासून मी गुप्तहेर बाई झाले आणि ती साइट बाडा झाली. शहरातला मधला चौक, जिथे सगळे एकदम बोलतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही, तो आपला बाडा. "चल, जरा बाड्यावर जाऊन येऊ," असं तू म्हटलंस की दुकानात बसलेला पेशंट, तू खरंच निघालास असं समजून, चप्पल घालायला लागायचा.

घरी आई येता-जाता काहीबाही विचारते म्हणून मी तुझ्या दुकानात येऊन काम करायचे, हे खरं कारण नव्हतं. मला तुझी ती साउंडप्रूफ केबिन आवडायची. बाहेर टेम्पो, स्टेशनची घोषणा, हॉटेलवाल्यांची "कमरा चाहिए?" आणि आत दार लावलं की काही नाही. पेशंट नसेल तेव्हा तू मला आत बसू द्यायचास. काचेपलीकडे तू दिसायचास, ओठ हलताना. माझ्यासारख्या माणसासाठी कुणी मुद्दाम बनवलेली जागा वाटायची ती.

मी पहिल्यांदा त्या केबिनमध्ये बसले तेव्हा पहिलीत होते. शाळेतल्या मिसने आईला बोलावून सांगितलं होतं की "शी डझन्ट रिस्पॉन्ड", कान तपासून घ्या. तू मला उंच स्टूलवर बसवलंस, डोक्यावर हेडफोन घातलेस, हातात बटण दिलंस. तू सगळ्यांना सांगायचास तेच मलाही सांगितलंस : आवाज आला, कितीही बारीक असला, तर दाबायचं. नाही आला तर नाही दाबायचं. यात पास-फेल नाही. मी एकही आवाज सोडला नाही. मग बाहेर येऊन तू आईला म्हणालास, "हिला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ऐकू येतं. ही फक्त उत्तर देत नाही. देईल." आई म्हणाली, "कधी?" तू म्हणालास, "तिला जेव्हा काही बोलायचं असेल तेव्हा." मला वाटतं, माझ्याबद्दल कुणी इतकं बरोबर नंतर कधी बोललं नाही. तुला त्याबद्दल मी कधी काही म्हटलं नाही. बघ, तेही नाही.

शोधाला सुरुवात केली तेव्हा मी तुला नियम सांगितले. साक्षीदार असा हवा ज्याने आपणहून लिहिलंय. तो कुठे राहत होता हे त्याच्याच जुन्या पोस्टवरून कळायला हवं. पोस्ट सापडली की लगेच तिची प्रत ठेवायची, कारण लोक लिहितात आणि पुसून टाकतात. तू पाटीवर लिहून घेतल्यासारखा चेहरा करून ऐकलंस. मग तुझ्या फोनवर एका बोटाने टाइप केलंस, "मिलचा भोंगा". आलं काय, तर गिरणगावातल्या आठवणी, पार दुसऱ्या टोकाच्या शहरातल्या. मी माझ्या लॅपटॉपवर टाइप केलं, "mill siren Gwalior". आल्या बंद मिलच्या जमिनीच्या बातम्या. कितीतरी दिवस आपण असेच बसलो, तू एका खुर्चीत, मी दुसऱ्या, आणि दोघांच्या हाती काही नाही.

तेव्हा मशीनची बॅटरी बदलायला एक बुजुर्ग आले होते. मिलमध्ये कापडाच्या मागावर काम केलेले, कान तिथेच गेलेले. तू त्यांना खणखणीत आवाजात विचारलंस, "चाचा, मिल का वो याद है, जो बजता था?"

"भोंपू?" ते म्हणाले. "भोंपू कैसे भूलेंगे। अब वही एक चीज़ है जो बिना मशीन के सुनाई देती है।" आणि स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं.

ते गेल्यावर आपण एकमेकांकडे पाहिलं. मामा, सकाळी दूधवाल्यापासून संध्याकाळी ऑटोवाल्यापर्यंत आपण हिंदी बोलतो. आई माझ्यावर रागावते तीसुद्धा अर्धी हिंदीत. पण शोधायला बसलो, म्हणजे काहीतरी गंभीर काम करायला बसलो, की तू मराठीत गेलास आणि मी इंग्रजीत. ज्यांनी तो भोंगा रोज ऐकला त्यांची भाषा आपल्या दोघांच्या तोंडात होती आणि आपण ती बाहेर चपलांपाशी काढून ठेवली होती.

"हे आपणच करू शकतो," तू इतका हसलास की डोळे पुसावे लागले. "ग्वाल्हेरचे मराठी! सव्वाशे वेळा 'भैया' म्हणतील, पण खोज करायची तर पेशव्यांच्या दफ्तरातच जातील."

हिंदीत शोधलं आणि दार उघडलं. मिलमधल्या लोकांची मुलं, नातवंडं कुठे कुठे पांगली होती, आणि लिहीत होती. मी आधी शोध फक्त ग्वाल्हेरपुरता ठेवला होता, तो मोकळा केला. जे शहर सोडून गेले तेच त्याच्याबद्दल लिहितात, जे इथे आहेत ते ट्रॅफिकवर लिहितात. हजीऱ्याच्या कामगार-लाइनीत भोंगा ऐकणारे सापडले, किल्ल्याच्या पायथ्याशी सापडले, पडावलाही एक सापडला. तू नकाशावर टाचण्या लावल्या नाहीस, तुला तसलं काही आवडायचं नाही. तू नुसतं म्हणायचास, "आला. पडावपर्यंत आला." जसा काही भोंगा अजून चालत येतोय, आपल्या घराकडे.

आणि मग तो दिवस. मी केबिनमध्ये होते, तू काचेवर टकटक केलंस. "अगं बाहेर ये, लॉटरी लागली!"

तुझ्या फोनवर एकाखाली एक, कितीतरी पोस्ट. "मिल का भोंपू पूरे शहर को जगाता था।"

"पूरे शहर को! आपण शहरात नाही का? सांग तुझ्या आईला."

"मामा, हे सगळे एकच आहेत."

"एक कसे? नावं बघ, फोटो बघ. ही बाई बघ, हा मिशीवाला बघ."

"वाक्यं बघ ना यार. शब्दाला शब्द तोच. शेवटी तीच दोन फुलं, तेच हात जोडलेले. कुणीतरी एकदा लिहिलं आणि बाकीच्यांनी उचललं. आणि ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याने 'पूरे शहर' असंच, म्हणायची पद्धत म्हणून लिहिलंय."

तू फोन वर-खाली केलास. फुलं मोजल्यासारखी पाहिलीस. मग हळूच म्हणालास, "म्हणजे बोलणारा एक आणि बाकी सगळे स्पीकर." मी हे वाक्य नंतर कामाच्या ठिकाणी वापरलं, इंग्रजी करून. सगळ्यांना फार आवडलं. तुझं आहे म्हणून सांगितलं नाही, कारण मीटिंगमध्ये मी तेवढंच वाक्य बोलू शकले आणि मग माझा माइक बंद केला.

त्यानंतर तुला धीर निघेना. एक दिवस मला न विचारता तू बाड्यावर जाहीर प्रश्न टाकलास. "ग्वालियर वालों, हजीरा मिल का भोंपू हरिशंकरपुरम तक आता था न?" मी पाहिलं तोवर उत्तरांची रांग लागली होती. हाँ जी. बिल्कुल. आता था. हमें तो आज भी याद है.

"आता बोल," तू म्हणालास.

आपलं खरं भांडण झालं ते तेव्हा. माझं म्हणणं होतं, तू विचारलंस तिथेच सगळं बिघडलं. तू "आता था न?" म्हणालास. लोक भले आहेत, ते हो म्हणणारच. आता यातलं खरं कुठलं आणि तुला बरं वाटावं म्हणून कुठलं, कसं कळणार? तुझं म्हणणं होतं, माणूस विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि खिडकीआडून वाचत बसणं याला काही शोध म्हणत नाहीत. "त्यांचं सगळं वाचतेस आणि एकाला साधा नमस्कार करत नाहीस. हे कसलं काम?"

मी म्हटलं, "तू पेशंटला विचारतोस का, की आता आवाज आला ना?"

हे तूच मला शिकवलं होतंस. तसं विचारलं की घाबरलेला माणूस हो म्हणतो. काही जण तर काही वाजत नसतानाच बटण दाबत राहतात, नापास होऊ नये म्हणून. तू मुद्दाम मध्ये मोठी शांतता ठेवायचास आणि काचेतून त्यांचा अंगठा बघायचास.

"मामा," मी म्हटलं, "तू शांततेत बटण दाबतोयस."

मला वाटलं, आता तू रागावशील. तू खदाखदा हसलास. नंतर आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगितलंस, "हमारी भांजी ने हमीं को फेल कर दिया।" पण त्या दिवशी शटर ओढताना तू थांबलास. म्हणालास, "एक सांगू? केबिनमध्ये मीही आवाज सोडतोच की. नुसता काचेबाहेर बसून राहिलो तर आतला माणूस ऐकणार काय?"

मी म्हटलं, "उद्या सांगते." तूही म्हणालास, "सांग, सांग. घाई नाही."

ते उत्तर तुला द्यायचं राहिलं. पुढच्या दिवसांत तुला दम लागायला लागला, मग हॉस्पिटल, मग तिथे बोलायच्या गोष्टी वेगळ्याच होत्या. तिथेही तू शेजारच्या बेडवरच्या आजोबांचं मशीन उलटं घातलंय म्हणून नर्सला हाका मारत होतास. मी तुझ्या पायाशी बसून होते. तू डोळ्यांनीच विचारलंस, काही सापडलं? मी मान हलवली, नाही. त्यावर तू हाताने जे केलंस ते मला अजून कळलेलं नाही. "असू दे" होतं की "शोधत राहा".

तेराव्यानंतर दुकान आवरायला मी एकटीच गेले. आई म्हणाली होती, मी येते, पण तिच्याने त्या रस्त्याला जाववेना. दुपार होती. मी नेहमीसारखी केबिनमध्ये जाऊन बसले आणि लॅपटॉप उघडला. काचेपलीकडे तुझी खुर्ची होती, पाठीवर तुझा मफलर.

तुझी एक गोष्ट आठवली. तू म्हणायचास, दुकानात आजवर एकही माणूस 'मला कमी ऐकू येतं' असं म्हणत आलेला नाही. सगळे म्हणतात, बहू मुँह में बोलती है. टीवी वालों ने आवाज़ कम कर दी है. आजकल की चिड़ियाँ बोलती नहीं. दुखतं ते कुणी नावाने सांगत नाही, त्याच्या शेजारचं काहीतरी सांगतं. मग भोंगा आठवणारा तरी 'हजीरा मिल का भोंपू' असं कशाला लिहील? तो दुसऱ्याच कशाबद्दल लिहीत असेल आणि त्यात भोंगा असाच, जाता जाता आला असेल. मी मिल काढली, ग्वालियर काढलं, हजीरा काढलं. 'भोंपू' ठेवलं आणि सोबत थंडीच्या सकाळी जे जे असतं ते एकेक घालत गेले. कोहरा. अँगीठी. चाय. अम्मा. रजाई.

रजाईवर एक पोस्ट आली. जुनी, तू बाड्यावर यायच्या कितीतरी आधीची. भिलाईत शिकवणाऱ्या एका बाईने लिहिलेली. "आज बहुत ठंड है। बचपन में जाड़े की सुबह भोंपू सुनाई दे जाता तो अम्मा कहतीं, आज हवा उधर की है, रजाई मत छोड़ना।" एवढंच. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. खाली एका माणसाने चहाचा कप टाकला होता, बाकी काही नाही.

मी तिच्या जुन्या पोस्ट वाचत खाली गेले. एकीत गजक होती, आणि तिथली गजक इथल्यासारखी नसते म्हणून कुरकुर. एकीत जत्रा होती, मेला, आणि त्यात लहानपणी हरवल्याचं. शहराचं नाव कुठेच नव्हतं. ग्वाल्हेर असेल, असणारच. पण असेल आणि आहे यात फरक आहे, हे मीच तुला पुन्हा पुन्हा ऐकवलं होतं. घर कुठे होतं? भोंगा कशाचा होता? तिने लिहिलेलं नव्हतं, आणि आणखी कितीही वाचलं तरी ते तिथे नव्हतंच. आता विचारण्याखेरीज मार्ग नव्हता.

मामा, एका अनोळखी बाईला दोन ओळी लिहायच्या होत्या. मी इतका वेळ बसले की स्क्रीन विझली. मग तुझ्या खुर्चीकडे पाहिलं आणि लिहिलं. आधी लिहिलं होतं, मेरे मामा कहते थे. ते पुसलं. हरिशंकरपुरम लिहिलं होतं, तेही पुसलं. मिल पुसली. तुझाच नियम, पास-फेल नाही, काही सुचवायचं नाही. शेवटी राहिलं ते असं : "नमस्ते। आपकी रजाई वाली पोस्ट पढ़ी, अच्छी लगी। आप लोग तब कहाँ रहते थे? और वो भोंपू किसका था?"

हा माझा राखाडी गोलाखालचा पहिला शब्द. नमस्ते.

उत्तर लगेच आलं नाही. मी तुझी मशीनं खोक्यात भरली, मफलर घडी करून पिशवीत ठेवला, भिंतीवरचा कानाचा तक्ता काढला. तो काढल्यावर त्याखालचा रंग किती निळा होता हे दिसलं. निघायच्या आधी पुन्हा पाहिलं. तिने लिहिलं होतं :

"ग्वालियर। झाँसी रोड पर, नाके से आगे, तब वहाँ खेत थे। भोंपू हजीरा वाली मिल का। रोज़ नहीं आता था, दूर बहुत थी। जाड़े में उधर की हवा चले तभी, वो भी कभी-कभी। आप क्यों पूछ रही हैं? आप कौन?"

नाक्याच्या पुढे. म्हणजे मिलपासून आपल्या घरापेक्षाही लांब. मी केबिनचं दार लावून घेतलं, का ते माहीत नाही. बाहेर कुणी नव्हतंच. तू शांततेत बटण दाबलं नव्हतंस, मामा. आवाज आला होता. रोज नाही, कधीतरीच, म्हणून तुझी आई तो ऐकून तुला उठवायला येत असेल, कौतुकाने. ही तिकडची अम्मा पोरांना झोपू द्यायची आणि तुझी उठवायची, इतकाच फरक.

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी फोन तिच्यासमोर धरला. तिने ओल्या हाताने तो घेतला नाही, वाकून वाचलं. एकदा. मग पुन्हा. मी वाट पाहत होते की ती म्हणेल, इंजिन असेल. किंवा म्हणेल, बघ, दादा बरोबर होता.

ती म्हणाली, "मग मला का नाही उठवलं तिने?"

शेंगा तिच्या हातात तशाच. "मी त्याच रजाईत असायचे ना, केतू. दादाच्या शेजारी. त्याला उठवायची आणि मला झोपू द्यायची. लहान म्हणून. मला कधीच नाही उठवलं."

इतकी वर्षं ती किल्ल्याचं कारण सांगत होती. किल्ला चढून आवाज कसा येईल, म्हणत होती. तुला हे कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. म्हणूनच तू तिच्याशी हसत भांडायचास आणि खरं भांडायला मला शोधलंस. मी तिच्याजवळ बसले आणि मटार सोलायला घेतले. वाटी भरत आली तेव्हा ती म्हणाली, "काय म्हणायची म्हणाला होता तो? नीट सांग." मी सांगितलं. भोंगा झाला रे, ऊठ. तिने ते स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं, आवाज न करता, नुसते ओठ. काचेपलीकडचा तूच दिसलास.

प्रश्न विचारून लोक गायब होतात म्हणणाऱ्या त्या माणसाला मी तुझ्या फोनवरून उत्तर दिलंय. काय झालं ते सांगितलं, आणि त्याचं घर कुठे होतं ते विचारलं. बाकीच्यांनाही देतेय, एकेक करून. तुझ्याइतकी झपाट्याने नाही. पुरावा म्हणून ती उत्तरं उपयोगाची नाहीत, हे माझं मत अजून आहे, ते तू बदलू शकला नाहीस. पण त्यांनी हो म्हटलं होतं तुला. हो म्हणणाऱ्याला काहीतरी परत म्हणावं लागतं, एवढं मला आता कळतं. तुझ्या शटरपाशी राहिलेलं उत्तर हेच असेल, किंवा याच्याजवळचं काही.

आणि भिलाईच्या त्या बाईने विचारलं होतं, आप कौन. तिला उशिरा लिहिलं. बरंच काही लिहून पुसलं. तुझं नाव, तुझं दुकान, तुझी आई, रजाईतली दोन मुलं. मग जे राहिलं ते पाठवून दिलं.

"जी, मेरे मामा को भी सुनाई देता था।"